तिरंग्याशेजारी कोणता ध्वज?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. मागच्या चौकात दत्ताचं देऊळ आहे आणि त्याच्या शिखरावर बाराही महिने भगवा असतो. वाड्यातच आमचं लहानसं मंडळ चालतं. गणेशोत्सव, दत्तजयंती, मधूनमधून गाण्याची बैठक. दर 15 ऑगस्टला देवळासमोरच्या चौकात लोखंडी पाइप रोवून झेंडावंदन होतं. पाइप शिखराच्या निम्म्याइतकाही उंच नाही.

यंदा एका तरुण सभासदाने आक्षेप घेतला की भगवा तिरंग्याच्या वर फडकतो, हे नियमात बसत नाही, त्या दिवसापुरता तो उतरवा. यावर आमचे थोरले काका असे संतापले की दोन बैठका झाल्या तरी विषय मिटेना. ते म्हणतात, शिखरावरचा ध्वज उतरणार नाही. उलट मंडळाचा भगवाही त्याच पाइपावर तिरंग्याच्या खाली लावा, म्हणजे दोघांचाही मान राहील.

त्यातच पाहुणे येणार आहेत. माझ्या भाचीचं सासर जर्मनीत आहे, तिचे यजमान आणि सासूसासरे येतील. शिवाय इथे ख्याल शिकायला आलेली एक जपानी मुलगी संध्याकाळी गाणार आहे. स्टेजवर तिन्ही देशांचे झेंडे लावायचं ठरलं, पण मध्ये कोणता आणि उंच कोणता यावरही दहा मतं. भाचा तर पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना गाडीच्या बॉनेटवर भारत आणि जर्मनीचे झेंडे लावणार म्हणतो. मी मंडळाचा सचिव आहे, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघतात. काय करू?

— एक वाचक, लष्कर

उत्तर

नमस्कार.

आधी मुख्य गोष्ट सांगते. शिखरावरचा भगवा उतरवू नका, आणि मंडळाचा भगवा तिरंग्याच्या पाइपावर लावू नका. झेंडावंदनाची जागा बदला. एवढं केलंत तर अर्धा वाद मिटेल, कारण तुमच्याकडचा वाद ध्वजांचा कमी आणि चौकाचा जास्त आहे. पूर्वी कुणीतरी सोयीचं म्हणून देवळासमोर पाइप रोवला आणि पुढे तीच रीत पडली.

तुमच्या तरुण सभासदाने नियम बरोबर सांगितला आहे. भारतीय ध्वजसंहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू आहे. राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा कोणताही ध्वज किंवा पताका लावू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. ज्या काठीवर राष्ट्रध्वज आहे तिच्या टोकावर हार, फुलं किंवा एखादं चिन्हही चालत नाही. पुष्कळ मंडळं हौसेने काठीच्या टोकाला झेंडूची माळ बांधतात, तीही बांधू नका. फुलांची हौस असेल तर वेगळी मुभा आहे. ध्वज उलगडण्याआधी त्याच्या घडीत पाकळ्या ठेवता येतात आणि ध्वज उलगडला की त्या खाली पडतात.

काकांची सूचनाही सद्भावनेची आहे, पण ती मात्र नियमात अजिबात बसत नाही. राष्ट्रध्वज ज्या काठीवर असेल तिच्यावर दुसरा कोणताही ध्वज लावता येत नाही, खालीसुद्धा नाही. प्रत्येक ध्वजाला स्वतंत्र काठी हवी. हे त्यांना सांगताना एक गोष्ट जरूर बोला, ती त्यांना पटेल. एका काठीवर दोन ध्वज आले की खालचा आपोआप कमी ठरतो. भगव्याला तिरंग्याखाली टांगलेला पाहणं त्यांनाच रुचणार नाही. ज्या घराण्यांत जरीपटक्याच्या आठवणी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात, तिथे भगव्याबद्दल जीव तुटणं स्वाभाविक आहे. त्या मायेला बैठकीत कुणी हसलं असेल, तर आधी ते निस्तरा.

आता शिखराचं. देवळाचा ध्वज त्याच्या तिथीला बदलतात. झेंडावंदनासाठी तो तासाभरापुरता उतरवायचा आणि परत चढवायचा, हे मला पटत नाही. राष्ट्रध्वजाचा मान राखायला दुसऱ्या कुणाच्या श्रद्धेचा ध्वज खाली घ्यावा लागतोय असं चित्र मुलांसमोर उभं राहू नये. ते टाळणं तुमच्या हातात आहे. देवळाचा चौक सोडा आणि वाड्याच्या पुढच्या अंगणात, दिंडी दरवाजाच्या बाहेर खांब उभा करा. तिथून शिखर दिसत नसेल तर प्रश्नच संपला. दिसत असेल तर पाइप वाढवून घ्या आणि शिखर पाठीशी न येता एका बाजूला राहील असा कोन धरा. पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या गच्चीवर मुलांची गर्दी करणं मला धोक्याचं वाटतं, नाहीतर गच्चीही चालली असती. मंडळाचा भगवा सकाळी झेंडावंदन झाल्यावर आत चौकात, देवळासमोर, त्याच्या स्वतःच्या काठीवर लावा. काकांच्या हस्ते लावा. हवं तर तिथे आरतीही करा. सकाळ सगळ्यांची होईल आणि दोन ध्वज एकमेकांच्या उंचीशी मोजले जाणार नाहीत.

काकांना संहितेबद्दल अढी असेल तर तिची दुसरी बाजूही त्यांच्या कानावर घाला. त्यांच्या तरुणपणी सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर आपल्या घरावर तिरंगा लावायची मोकळीक नव्हती. ती 2002 च्या संहितेने दिली. पुढे 23 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगपती नवीन जिंदल यांच्या प्रकरणात सांगितलं की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर तर घरावर किंवा उघड्या जागेत तो रात्रंदिवस ठेवता येतो. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा होती. म्हणजे वाड्यात तिरंगा लावण्याचा हक्क आणि तो कसा लावायचा याचे नियम, दोन्ही एकाच वहीत आहेत.

ध्वज कोणता घ्यायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्वाल्हेरकराला हे सांगायचा मोह मला आवरत नाही. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. तरीही तुम्ही खादीचा घ्या. भारतीय मानक ब्युरोच्या कसोटीला उतरलेला खादीचा तिरंगा तुमच्याच गावात, मध्य भारत खादी संघात तयार होतो. देशात असं काम करणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील. राष्ट्रध्वजाचं मानक म्हणजे आयएस 1, भारतीय मानकांच्या यादीतलं अगदी पहिलं. कापडाची वीण, रंगाची छटा, शिवण, चक्राची छपाई असं सगळं त्यात ठरलेलं आहे. हातात घेऊन बघा, अशोकचक्र दोन्ही बाजूंनी सारखंच नेमकं दिसेल आणि 24 आरे स्वच्छ मोजता येतील. रस्त्यावरच्या स्वस्त झेंड्यात चक्र एका अंगाला सरकलेलं असतं, कधी लांबी-रुंदीचं प्रमाणच बिघडलेलं असतं. लांबी आणि उंची यांचं प्रमाण 3:2 हवं. वाड्याच्या अंगणाला 1800 × 1200 मिलिमीटरचा ध्वज शोभेल; अंगण लहान असेल तर 1350 × 900 चा पुरे.

आता पाहुण्यांचे ध्वज. इथे नियम एकदम बदलतो आणि नेमका तिथेच लोकांचा गोंधळ होतो. मंडळ, संस्था, पक्ष, कंपनी, देऊळ यांचा ध्वज तिरंग्याच्या बरोबरीला येत नाही. दुसऱ्या देशाचा राष्ट्रध्वज मात्र बरोबरीचाच असतो. त्याला आकारात किंवा उंचीत कमी ठेवणं म्हणजे घरी बोलावलेल्या पाहुण्याला पाटाऐवजी जमिनीवर बसवणं. शांततेच्या काळात एका देशाचा ध्वज दुसऱ्या देशाच्या ध्वजाच्या वर लावायचा नाही, हा जगभराचा संकेत आहे आणि आपली संहिताही तो पाळते. म्हणून तिन्ही काठ्या एकाच उंचीच्या आणि तिन्ही ध्वज एकाच मापाचे. तिरंगा वीतभर वर घेऊ या, असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

मापाबाबत एक अडचण आत्ताच सांगते, कारण ती ऐन वेळी लक्षात येते. प्रत्येक देशाचं प्रमाण वेगळं असतं. आपलं आणि जपानचं 3:2, पण जर्मनीचं 5:3, म्हणजे त्यांचा ध्वज थोडा लांब. तीन दुकानांतून तीन तयार झेंडे आणलेत तर रांग वेडीवाकडी दिसेल. निदान तिघांची काठीकडची बाजू, म्हणजे उभी उंची, एकसारखी हवी. एकाच टेलरकडून शिवून घेणार असाल तर बाकीचे दोन्ही 3:2 मध्ये शिवून घेता येतात. जर्मनीच्या पट्ट्यांचा क्रम टेलरला कागदावर काढून द्या: वर काळा, मध्ये लाल, खाली सोनेरी. तो उलटा लावला तर तुमच्या भाचीच्या सासऱ्यांना पहिल्या नजरेत कळेल. जपानचा ध्वज उलटा होण्याची भीती कमी, पण लाल वर्तुळ बरोबर मध्यभागी आहे ना, ते पाहा.

क्रमाचं आता नीट वाचा. मधली जागा मानाची, म्हणून तिरंगा मध्ये, असं बहुतेकांना वाटतं. लग्नाच्या फोटोत नवरानवरी मध्ये असतात, त्यामुळे डोळ्यांना तीच सवय. पण देशांच्या ध्वजांच्या रांगेत आपल्या राष्ट्रध्वजाची जागा टोकाला आहे. स्टेजवर, ध्वजांच्या रांगेच्या मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताचं शेवटचं टोक ही तिरंग्याची जागा. समोर खुर्चीत बसलेल्याला तो त्याच्या डावीकडे पहिला दिसेल. मंडपवाल्याला नुसतं "उजवीकडे" सांगितलंत तर तो खाली उभा राहून त्याच्या उजवीकडे लावणार, हे ठरलेलं. म्हणून तुम्ही स्वतः स्टेजवर चढा, हात पसरून दाखवा आणि तिथे खडूने खूण करा.

तिरंग्यानंतर बाकीचे देश त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने येतात. इंग्रजीत जर्मनी जी वरून आणि जपान जे वरून, त्यामुळे प्रेक्षकांच्या डावीकडून भारत, जर्मनी, जपान असा क्रम. मराठी बाराखडीने लावायला गेलात तर जपान आधी येईल, म्हणून मंडळातल्या एखाद्या शिक्षकाने हरकत घेतली तर इंग्रजी क्रमाचा नियम दाखवा. रांगेचा शेवटही तिरंग्याने करायची मुभा आहे. चार काठ्या मिळत असतील तर भारत, जर्मनी, जपान, भारत अशी रांग लावा. मला ती मांडणी जास्त आवडते. दोन पाहुणे दोन यजमानांच्या मध्ये येतात आणि "मध्ये कोण" या वादाला जागाच उरत नाही. पण काठ्या तीनच असतील तर तीनवर थांबा, चौथीसाठी धावपळ नको.

चढवताना तिरंगा सगळ्यांत आधी, उतरवताना सगळ्यांत शेवटी. आणि तो झपझप वर जायला हवा, खाली मात्र हळूहळू यायला हवा. कप्पीची दोरी आदल्या दिवशी चार वेळा ओढून बघा. पावसात फुगलेली दोरी नेमकी भाषणाच्या वेळी अडकते, मग कुणीतरी खांबाला हिसके देतं आणि बिचारा ध्वज झटके खात वर जातो. दोरी नायलॉनची घ्या आणि कप्पीला तेल द्या.

गायिका जिथे बसणार तिथे तिच्यामागे भिंतीवर तिरंगा आडवा लावायची कल्पना कुणी काढली तर केशरी पट्टा वर हवा. उभा लावलात तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे. वक्त्याच्या टेबलावर, पोडियमवर किंवा हार्मोनियमवर तिरंगा अंथरू नका. आच्छादन म्हणून तो चालत नाही. वक्त्याजवळ काठीवर लावायचा असेल तर प्रेक्षकांकडे तोंड करून बोलणाऱ्या वक्त्याच्या उजव्या हाताला. पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर भारत आणि जर्मनी यांच्या दोन काठ्या फुलीसारख्या आडव्या लावायच्या असतील, तर तिरंगा पाहणाऱ्याच्या डावीकडे येऊ द्या आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढून जाऊ द्या.

सजावटीसाठी झेंड्यांची तोरणं करू नका. राष्ट्रध्वज तोरणासारखा, गुच्छासारखा किंवा कसल्याही शोभेसाठी वापरायचा नसतो. चौकात झेंडूची, आंब्याच्या पानांची तोरणं छान दिसतील. रांगोळीचंही बघा. मुली हौसेने दारात चक्रासकट तिरंगा काढतात, आणि तासाभरात त्यावरून चपला जातात. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला आळा घालणारा 1971 चा कायदा ध्वजाच्या चित्रालाही ध्वजच मानतो आणि पायाखाली तुडवणं हा त्याच्या लेखी अवमान आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. मुलींना घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना मोर काढू द्या, कमळ काढू द्या, आणि तिरंगा कार्डशीटवर रंगवून भिंतीवर लावू द्या.

भाच्याच्या बॉनेटचं उत्तर सरळ नाही असं आहे. गाडीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. परदेशी पाहुण्याच्या गाडीवर उजवीकडे तिरंगा आणि डावीकडे त्या पाहुण्याच्या देशाचा ध्वज भाच्याने पाहिला असेल, पण ते सरकारने दिलेल्या गाडीतून जाणाऱ्या परदेशी मान्यवरांसाठी. भाच्याचा उत्साह मोडू नका. त्याला स्टेशनवर फलाटावर हार घेऊन पाठवा आणि जर्मनमध्ये स्वागताचं एक वाक्य पाठ करायला सांगा.

गणपती जवळच आहेत, म्हणून मिरवणुकीचंही थोडक्यात सांगते. मंडळाच्या झेंड्यांसोबत तिरंगा न्यायचा असेल तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या टोकाला, किंवा झेंड्यांची रांग असेल तर त्या रांगेच्या मध्यापुढे. तो कुणापुढेही वाकवायचा नसतो. ढोलताशाच्या नादात मुलं हातातला झेंडा गोल फिरवतात आणि मूर्तीपुढे झुकवतात. त्यांची भक्ती खरी असते, तरी त्यासाठी भगवा द्या. माझं विचाराल तर विसर्जनाच्या गर्दीत तिरंगा नेऊच नये. पाऊस, गुलाल आणि धक्काबुक्कीत तो स्वच्छ आणि जमिनीपासून वर राहील याची हमी कुणालाच देता येत नाही.

लहान मुलांना कागदी झेंडे देणार असाल तर दिंडी दरवाजाशी एक पेटी ठेवा आणि एका मोठ्या माणसाला तिथे उभं करा. 15 ऑगस्टच्या संध्याकाळी गटारात आणि चिखलात पडलेले झेंडे बघून दरवर्षी काळजात कळ येते, आणि ते टाळायला एक पेटी पुरते. मंडळाच्या कपाटात जुना, विरलेला तिरंगा असणारच. बहुतेक मंडळांत असतो. त्याचं फडकं करू नका, कचऱ्यात टाकू नका. तो अख्खा, खासगीत, शक्यतो अग्नीला द्यायचा. नवा ध्वज ठेवताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून घडी करा, म्हणजे वर चक्र राहतं. तो दोन्ही तळहातांवर नेऊन कपाटात ठेवा.

राहिले काका. तिसरी बैठक बोलावू नका. बैठकीत ते पुन्हा सगळ्यांसमोर बोलतील आणि मग मागे येणं त्यांना कठीण जाईल. एखाद्या सकाळी चहा झाल्यावर एकट्याने त्यांच्याकडे जा आणि त्यांना पुढच्या अंगणात घेऊन चला. शिखर कुठून दिसतं, खांब कुठे उभा करावा, पाइप किती फूट वाढवावा हे त्यांनाच विचारा. जुन्या वाड्याची जमीन त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, कुठे फरशीखाली पोकळी आहे, कुठे पक्का दगड आहे. आणि त्या तरुण सभासदाला तुमच्यासोबत यायला सांगा, टेप घेऊन.